‘असे गृहीत धरण्यात येईल’ : कार्यालयातली सूचना वाचावी कशी

टीव्हीवर ‘राज्य कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वाढला’ अशी पट्टी फिरली की अर्ध्या तासात माझा फोन वाजतो. फोन करणारे बदलतात, प्रश्न तोच. “वहिनी, म्हणजे आमचा पण वाढला ना?” कोणी नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याला असतो, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, कोणाची सून महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका. मी पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत बरीच वर्षे टेबल सांभाळले. आस्थापना म्हणजे माणसांच्या नेमणुका, रजा, पगारवाढ, निवृत्ती यांच्या नस्त्या जिथे राहतात ती शाखा. त्यामुळे ‘हिला परिपत्रक कळतं’ असा माझ्याबद्दल नातेवाइकांत समज आहे.

समज अर्धाच खरा. भाषा मलाही जड जाते. पण इतकी वर्षे सूचना टाइप केल्या, सह्या घेऊन फिरवल्या, फलकावर टाचल्या, त्यातून एक गोष्ट पक्की कळली. माणसे सूचनेतला आकडा वाचतात आणि शेवटचे वाक्य सोडून देतात. ते शेवटचे वाक्य बहुधा असे असते : ‘विहित मुदतीत विकल्प प्राप्त न झाल्यास ... असे गृहीत धरण्यात येईल.’ विकल्प म्हणजे तुम्ही लेखी कळवायची निवड. तुम्ही काहीच केले नाही तर काय होणार, ते तिथे आधीच लिहून ठेवलेले असते.

## आधी पत्रिका कोणाच्या नावाची ते बघा

लग्नाची पत्रिका भावकीत एकाला आली म्हणून सगळी गल्ली जेवायला जात नाही. शासन निर्णयाचेही तसेच. ‘राज्य शासकीय व इतर पात्र कर्मचारी’ असे लिहिले असेल तर त्या ‘इतर पात्र’मध्ये आपण बसतो का, हा पहिला प्रश्न.

गावातल्या माणसाला सगळे ‘सरकारी’च. पण स्थानिक स्वराज्य संस्था वेगवेगळ्या कायद्यांच्या पोटी जन्मल्या आहेत. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती १९६१ च्या कायद्याने, नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या, महापालिका १९४९ च्या, आणि मुंबई महापालिकेचा कायदा तर थेट १८८८ चा. प्रत्येकीचा मालक कागदोपत्री निराळा आणि तिजोरीही निराळी.

जिल्हा परिषदेचे वेतन मुख्यतः शासनाच्या अनुदानातून येते. म्हणून महागाई भत्त्याच्या शासन निर्णयात जिल्हा परिषद आणि अनुदानित संस्थांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात, म्हणजे हिशेबाच्या कोणत्या खात्यात, टाकायचा, याचा परिच्छेद बहुधा असतोच. तो दिसला की गुरुजींनी निश्चिंत व्हावे. नगरपरिषदेसाठी नगरविकास विभागाच्या आदेशाची वाट बघावी लागते. महापालिकेचा कारभार तिच्या स्वतःच्या उत्पन्नावर, त्यामुळे तिथे प्रशासनाला स्वतःचा निर्णय काढावा लागतो आणि तो कधी लवकर निघतो, कधी रेंगाळतो.

दिवाळीत हा फरक डोळ्यांत भरतो. मुंबई महापालिकेने २०२५ च्या दिवाळीला कर्मचाऱ्यांना ३१,००० रुपये दिले, आदल्या वर्षी २९,०००. पेपर त्याला बोनस म्हणतात, कागदावर शब्द असतो ‘सानुग्रह अनुदान’. सानुग्रह म्हणजे कृपेने दिलेले. शेजारच्या महापालिकेतल्या कर्मचाऱ्याला तेवढेच मागण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, आणि छोट्या नगरपंचायतीतल्या सफाई कामगाराला तर तो आकडा नुसता पेपरात वाचावा लागतो. मला हे कधीच पटले नाही, पण कागद असा आहे.

## कागदांची जात

शासन निर्णय, ज्याला सगळे ‘जीआर’ म्हणतात, तो धोरण ठरवतो. परिपत्रक बहुधा त्या निर्णयाची अंमलबजावणी कशी करायची ते सांगते. शुद्धिपत्रक आधीच्या कागदातली चूक दुरुस्त करते. कार्यालयीन आदेश तुमच्या साहेबांच्या सहीचा, तुमच्या कचेरीपुरता.

घरात आजोबांनी ‘यंदा विहीर खोदायची’ असे ठरवले तो शासन निर्णय. काकांनी ‘सोमवारपासून सगळ्यांनी सकाळी सहाला शेतावर यायचे’ म्हणून निरोप धाडला ते परिपत्रक. ‘सोमवारी अमावास्या आहे, मंगळवारी या’ हे शुद्धिपत्रक. हसू नका, शुद्धिपत्रक न वाचल्यामुळे सोमवारी जाऊन बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

## दोन टक्क्यांचे किती रुपये?

महागाई भत्त्याचा दर केंद्र सरकार वर्षातून दोनदा ठरवते, जानेवारीपासूनचा आणि जुलैपासूनचा. औद्योगिक कामगारांच्या घरखर्चाचा एक निर्देशांक श्रम ब्युरो दरमहा काढतो, म्हणजे धान्य, भाडे, कपडे, औषधे यांच्या भावांची एकत्र बेरीज म्हणा. त्याच्या १२ महिन्यांच्या सरासरीवरून दर निघतो. राज्य मागाहून आपला निर्णय काढते. मधल्या महिन्यांचा फरक म्हणजे थकबाकी.

उदाहरण घेऊ. ११ ऑगस्ट २०२५ च्या शासन निर्णयाने राज्यात दर ५३ टक्क्यांवरून ५५ टक्के झाला, तोही १ जानेवारी २०२५ पासून. समजा मूळ वेतन ४०,००० आहे. दोन टक्के म्हणजे महिना ८०० रुपये. जानेवारी ते जुलै सात महिन्यांचे ५,६००, आणि ते ऑगस्टच्या पगाराबरोबर. ज्यांना नवी पेन्शन, म्हणजे जिच्यासाठी पगारातून दरमहा वाटा कापला जातो ती, लागू आहे त्यांच्या या थकबाकीतूनही दहा टक्के, म्हणजे ५६० रुपये कापले जातात. “वहिनी, पैसे कमी आले” असा दुसरा फोन येतो तो यामुळे. ते ५६० कोणी खाल्लेले नाहीत, तुमच्याच निवृत्तीच्या खात्यात गेले आहेत. निदान जायला हवेत. त्याबद्दल पुढे बोलते.

## गप्प बसलात तर

आता मूळ मुद्दा. सूचनांचे माझ्या मते दोन वर्ग : गप्प बसलात तरी मागाहून सावरता येते अशा, आणि गप्प बसलात की दार बंद होते अशा.

पहिल्या वर्गात आयकराचे घोषणापत्र. आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला बिलाचा क्लार्क एक नमुना फिरवतो, जुनी करपद्धत की नवी. २०२३-२४ पासून नियम असा की काहीच कळवले नाही तर नवी पद्धत धरून पगारातून कर कापायचा. म्हणजे गृहकर्जाचे व्याज, विमा, भविष्य निर्वाह निधी यांच्या वजावटी मोजून ज्याला जुनी पद्धत परवडते, त्याचा कर गप्प बसल्याने जास्त कापला जातो. पण मुदतीत विवरणपत्र भरताना पद्धत बदलून परतावा मागता येतो. सावरता येते, हेलपाटा तेवढा पडतो.

निवृत्तांच्या नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याचेही असेच. राहून गेला की पेन्शन थांबते, दाखला दिला की थांबलेली रक्कम मिळते. बाबांचा दाखला विसरल्यामुळे डिसेंबर कोरडा गेलेली घरे पुष्कळ, पण बुडत काही नाही.

दुसरा वर्ग वेगळा. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ ही तारीख म्हणजे भिंत आहे. त्याच्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराशी जोडलेली, आयुष्यभराची. त्या दिवशी किंवा नंतर लागलेल्यांना अंशदायी योजना, म्हणजे कर्मचाऱ्यानेही वाटा भरायचा ती, जी पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत, एनपीएसमध्ये गेली. मार्च २०२३ चा संप आठवत असेल, शाळा आणि कचेऱ्या आठवडाभर ओस पडल्या होत्या, तो या भिंतीवरून.

मध्ये काही जण असे अडकले होते की भरतीची जाहिरात भिंतीच्या आधीची आणि हजर झाल्याची तारीख नंतरची. भरतीची प्रक्रिया रेंगाळली, त्यांचा दोष काही नव्हता. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने राज्य शासकीय सेवेतल्या अशांना जुनी पेन्शन निवडायची संधी एकदाच दिली. मुदत सहा महिने. विकल्प दिला की तो अंतिम, आणि दिला नाही तर नवीच योजना पुढे चालू.

बघा, एका अर्जावर पुढची वीस-पंचवीस वर्षे, आणि मागे राहिली तर पत्नीचीही. ज्यांनी हा कागद वाचला नाही त्यांनाही त्यांच्या मौनाचे उत्तर मिळालेच.

म्हणून आपल्या संस्थेला तिच्या प्रशासकीय विभागाचे कोणतेही पत्र आले आणि त्यात ‘विकल्प’ हा शब्द दिसला, की चहा बाजूला ठेवा. पुढे दोनच गोष्टी शोधा, मुदतीची तारीख आणि ‘गृहीत’ हा शब्द. पेन्शनच्या बाबतीत हे आता वारंवार होणार आहे. केंद्राची एकीकृत योजना १ एप्रिल २०२५ पासून सुरू झाली, तिच्यात २५ वर्षे सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आहे. राज्याची सुधारित योजना आहे, त्याबद्दलचा शासन निर्णय २० सप्टेंबर २०२४ चा. कोणती कोणाला बरी, हे वय, उरलेली सेवा आणि घरची परिस्थिती यांवर आहे. शेजारच्या टेबलावरच्याने जे निवडले ते आपण निवडायचे, ही पद्धत मात्र सोडा. त्याची दहा वर्षे राहिली असतील, तुमची पंचवीस.

## दहाला चौदा

एनपीएस समजायला अवघड नाही. तुम्ही मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या दहा टक्के टाकता, शासन २०१९ पासून चौदा टक्के टाकते. मघाचेच ४०,००० मूळ, ५५ टक्क्यांनी भत्ता २२,०००, एकूण ६२,०००. तुमचे ६,२००, शासनाचे ८,६८०. दोन्ही मिळून बारा आकडी क्रमांकाच्या खात्यात, ज्याला सगळे ‘प्रान नंबर’ म्हणतात. तिथून पैसा रोखे आणि शेअर यांत गुंततो. निवृत्तीला साठ टक्क्यांपर्यंत रोख मिळतात, उरलेल्यातून विमा कंपनीकडून दरमहाची रक्कम विकत घ्यायची.

यात एक मेख आहे. पगारपत्रकावर कपात दिसते ती कचेरीची बाजू. खात्यात जमा झाली का, ती दुसरी बाजू. दळण गिरणीत टाकले आणि पीठ घरी आले, यांत फरक आहे. मध्ये महिने गेले तर पैसा गुंतलेला नसतो, त्यावरची वाढ गेली. वर्षातून एकदा खात्याचा उतारा मोबाइलवर काढा आणि बारा पगारपत्रकांशी ताळा करा. अर्ध्या तासाचे काम आहे. मी टेबलावर असताना हे करणारे कर्मचारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यांच्या चुका आम्ही वर्षाच्या आत दुरुस्त करू शकलो.

## लग्नाआधीचा कागद

‘सर्व कर्मचाऱ्यांनी नामनिर्देशन अद्ययावत करावे’, ही सूचना दरवर्षी निघते आणि दरवर्षी कोणी वाचत नाही. नामनिर्देशन म्हणजे आपल्या मागे ही रक्कम कोणाच्या हातात द्यायची, हे लिहून ठेवणे.

मुलगा बावीसाव्या वर्षी नोकरीला लागतो. आईचे नाव लिहितो, बरोबरच आहे. पुढे लग्न होते, मुले होतात. कागदावर आईच राहते. आता जुन्या भविष्य निर्वाह निधीचा नियम असा की कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर निरुपयोगी ठरते. म्हणजे कागद आहे, पण नसल्यासारखा. मग वारसाचे दाखले, प्रतिज्ञापत्रे, सासू एका बाकावर आणि सून दुसऱ्या. त्या दोघींत पैशावरून वाकडे आले ते आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात, माझ्या डोळ्यांदेखत. त्या माणसाने दोघींवरही जीव लावला होता. राहिला होता तो एक पानी नमुना.

शिवाय नाव एकाच ठिकाणी बदलून चालत नाही. भविष्य निर्वाह निधी किंवा एनपीएस, गट विमा, उपदान (ग्रॅच्युइटी), अपघात विमा, पगाराचे बँक खाते : प्रत्येकाचा कागद स्वतंत्र. एनपीएसमध्ये तीन जणांपर्यंत नावे देता येतात, टक्के मिळून शंभर भरले पाहिजेत.

एनपीएसवाल्यांसाठी आणखी एक. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने सेवेत असताना मृत्यू झाला तर कुटुंबनिवृत्तिवेतनाची सोय झाली. साठलेली रक्कम हवी की दरमहाची पेन्शन, हे कर्मचाऱ्याने हयातीत विकल्पाच्या नमुन्यात सांगून ठेवायचे आहे. हा विषय घरी काढायला कोणालाच आवडत नाही. “असं अभद्र काय बोलतोस?” हे वाक्य ठरलेले. तरी काढा.

## “पण हे काम आस्थापनेचं ना?”

हा आक्षेप रास्त आहे. सूचना पोहोचवणे, सेवापुस्तकात नोंदी घेणे, दरवर्षी ते पडताळणे हे कचेरीचेच काम. पण एका लिपिकाकडे दोन-दोनशे, तीन-तीनशे सेवापुस्तके असतात, त्यात निवडणुकीचे काम, जनगणनेचे काम, साहेबांचा दौरा. चूक त्याच्याकडून झाली तरी निवृत्तीला अडकते ते तुमचे प्रकरण. त्याची तोवर दुसऱ्या तालुक्यात बदली झालेली असते.

## “ग्रुपवर पीडीएफ आली होती की!”

ग्रुपवर आलेला प्रत्येक कागद खरा नसतो. काही नुसता मसुदा असतो, काही जुन्या निर्णयावर नवी तारीख चिकटवलेली. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी अठरा आकडी संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २०२५०८११ ने सुरू होणारा संकेतांक आणि वर तारीख भलतीच, तर शंका घ्या. तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत निघते. निघाली नाही, तर पुढे पाठवू नका.

## “निवृत्तीच्या पैशावर कर नसतो, असं ऐकलंय”

इथे स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांची एक गंमत आहे, ती लिपिकांनाही ठाऊक नसते. १९६१ च्या आयकर कायद्याने उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या, करमाफीत केंद्र आणि राज्याच्या कर्मचाऱ्यांबरोबर स्थानिक प्राधिकरणाचे नाव घेतले. त्यामुळे ती पूर्ण माफ. राज्याने १ सप्टेंबर २०२४ पासून तिची कमाल मर्यादा १४ लाखांवरून २० लाख केली. पण शिल्लक अर्जित रजेच्या रोखीकरणाच्या, म्हणजे न घेतलेल्या रजेबद्दल निवृत्तीला मिळणाऱ्या पैशाच्या, कलमात तेच नाव घ्यायचे राहिले. मंत्रालयातल्या शिपायाला पूर्ण माफी, नगरपरिषदेच्या अभियंत्याला मर्यादा. ती मर्यादा वर्षानुवर्षे ३ लाख होती, १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख झाली. रजा साठते जास्तीत जास्त ३०० दिवस, म्हणजे दहा महिन्यांचा पगार, तेव्हा आता बहुतेकांना चिंता नाही. मात्र वाढीच्या आधी निवृत्त झालेल्या कितीतरी जणांनी ‘आपण सरकारीच’ या समजात पैसे खर्च केले आणि मागाहून कराची नोटीस हातात घेतली.

## दवाखान्याचे बिल

थोडक्यात सांगते. खासगी दवाखान्यातल्या खर्चाची प्रतिपूर्ती सरसकट होत नाही. १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयात २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी आहे, बिल त्या चौकटीत बसवून जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासून घ्यावे लागते. मूळ बिले आणि डिस्चार्ज कार्ड जपा. झेरॉक्सवर काही मिळत नाही. रुग्ण घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात कोणीतरी एकाने, बहुधा जावयाने, पिशवीतली बिले तारखेप्रमाणे लावून ठेवावीत.

## “मुदत गेली, आता?”

लगेच लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. सूचना तुमच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती असे असेल, तर तेच लिहा. सूचना फिरवली तेव्हाच्या यादीवर तुमची सही आहे का, हे कचेरीला दाखवावे लागेल. रजेवर होता, प्रतिनियुक्तीवर होता, बाळंतपणात होता, तर त्या तारखांचे कागद जोडा. कधी मुदतवाढ निघते, कधी नाही. तोंडी “बघू” म्हटलेले कोठेही नोंदले जात नाही.

आणि त्याच फेरीत सेवापुस्तक मागा. ते बघायचा तुम्हाला अधिकार आहे, साहेबांची मेहेरबानी लागत नाही. पहिले पान उघडा. नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, रुजू झाल्याची तारीख. मग नामनिर्देशनाचे पान. मी टेबल सोडले त्या महिन्यात एका परिचरांनी असेच पुस्तक मागितले. तीस वर्षांत पहिल्यांदा बघत होते. वारसाच्या रकान्यात कोणीतरी त्यांचेच नाव लिहून ठेवले होते.